दोरी सोडायची नाही

१२ जानेवारी १९८७, सोमवार

सौ. ताइमी गोतिए यांस,

बालवर्गाच्या शिक्षिकेकडून कळवण्यात येते की आइनोचे मोजे रोज ओले होतात. तरी दप्तरात एक जादा जोड ठेवावा. हातमोजे दोरीने एकमेकांना बांधून ती दोरी कोटाच्या बाह्यांतून ओवून द्यावी. चिठ्ठी वाचल्यावर खाली सही करून उलट पाठवावी.

झालं. शाळेचं बोलून झालं, आता तुझी बहीण बोलतेय.

हा कागद मी आइनोच्या कोटाला आतून सेफ्टी पिनने टाचणार आहे. सगळ्याच पोरांच्या कोटांना काही ना काही टाचलेलं असतं, त्यामुळे कुणी वळून बघणार नाही. रेनोने मला बजावलंय, 'त्या घराशी एक शब्द बोलायचा नाही.' नवराच तो, त्यात मिलच्या गेटवर संपवाल्यांचा म्होरक्या. पण बाईने पालकांना लिहायचं नाही, असं युनियनने कुठे म्हटलंय? तीन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या सख्ख्या बहिणीशी बोलायला मला तिच्या पोरीच्या कोटाचं अस्तर लागतं. हस खुशाल.

लिओबद्दल मी काही बोलणार नाही. माझं मत तुला माहीत आहे आणि ते बदललेलं नाही. सगळी मिल बाहेर बर्फात उभी होती आणि तुझा नवरा मान खाली घालून आत कामावर गेला. ते मी विसरणार नाही. पण आइनो मिलमध्ये कामाला नाही, ती माझ्या वर्गात आहे.

तिचं सांगायचं तर, सकाळी सगळी पोरं गालिच्यावर गोल करून बसतात तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना जागा सुटते. कुणी ढकलत नाही, कुणी काही बोलत नाही. नुसते सरकतात. मी म्हटलं, 'जवळ या रे, मधून काय आगगाडी जायचीय?' तर हसले आणि आले जवळ. मी गोष्टीचं पान उलटलं, तोवर परत फट. मागच्या भिंतीवर सप्टेंबरात त्यांनीच केलेला तक्ता आहे, 'गालिच्यावर सगळ्यांना जागा'. त्याखाली सगळ्यांच्या हातांचे ठसे आहेत. आइनोचा हिरवा, त्याला चिकटून शॉनाचा नारिंगी. तेव्हा या दोघींना घरी पाठवताना एकमेकींपासून सोडवावं लागायचं. आता शॉना बरोब्बर समोरच्या बाजूला जाऊन बसते.

आणि शुक्रवारचं. दुकानात तू आणि आइनो समोरून आलात, मी डबाबंद वाटाण्यांकडे तोंड फिरवलं. माझ्या मागे शॉनाची आई बर्निस उभी होती. तू पुढे गेलीस. पण आइनो थांबली आणि तिने हात वर केला, वर्गात बोलायची परवानगी मागतात तसा. मी वाटाण्याचा डबा वाचत राहिले, ताइमी. त्यावर वाटाणे एवढंच लिहिलं होतं.

सही कर आणि पाठव.

सिल्वी (बाई)


२२ जानेवारी, गुरुवार

ताइमी,

मागच्या चिठ्ठीवर तू लिहिलंस, 'वाचलं. ता.' एवढंच. बरं. मोजे मात्र पाठवलेस, आईच्या पद्धतीने एकात एक गुंडाळून.

आज आइनो शाळेची विजार घालून घरी आली ते का, हे तुला माझ्याकडून कळायला हवं.

आठवडाभर बाहेर इतकी थंडी आहे की मधल्या सुट्टीत पोरांना सोडता येत नाही. खिडक्यांवर बर्फाचा थर, दारात बुटांचा ढीग, आणि आत कोंडलेली ही सगळी वानरसेना. मी त्यांना ठोकळ्यांच्या कोपऱ्यात खेळायला बसवलं आणि रस ओतत होते. पाठीमागे काय चाललंय ते उशिरा कळलं. त्यांनी ठोकळ्यांची लांब भिंत रचली होती. भिंतीपुढे पट्ट्या खांद्यावर घेऊन सगळे फेऱ्या मारत होते, बापांना गेटवर बघतात तसे. भिंतीपलीकडे आइनो एकटी. आणि स्वच्छतागृहाचं दार अलीकडे.

ती म्हणत होती, 'मला जायचंय.' हे म्हणत होते, 'संपफोड्यांना वाट नाही.' तिने ठोकळे ओलांडले नाहीत, ताइमी. एवढेसे ठोकळे, गुडघ्याएवढेही नाहीत. पाय उचलला असता तर आली असती. ती तिथेच उभी राहिली आणि तिथेच ओली झाली.

मी भिंत पाडली. अशी ओरडले की शेजारच्या वर्गातली मुलं गप्प झाली. मग विचारलं, हे कुणी सुचवलं? शॉना पुढे आली. घाबरली होती, पण पुढे आली. म्हणाली, 'बाई, तुम्हीच सांगता ना, जो नियम मोडतो त्याने बाजूला बसायचं? सगळ्यांनी बाहेर थांबायचं ठरलं होतं. तिचे बाबा आत गेले.'

मी काय सांगणार होते? की बाहेर थांबायचा नियम खोटा? माझा नवरा त्याच नियमासाठी हाडं गोठवत उभा आहे आणि मला तो बरोबर वाटतो. की तिचे बाबा वेगळे आणि ती वेगळी? हे सांगितलं मी. शॉना म्हणाली, 'मग तुम्ही तिच्या आईशी का बोलत नाही?'

पाच वर्षांची पोर. मी तिला रस दिला. 

आइनो रडली नाही. विजार बदलताना म्हणाली, 'मावशी, आईला सांगू नको.' आणि लगेच जीभ चावून, 'बाई, सांगू नका.' वर्गात बाई म्हणायचं हे मीच शिकवलं होतं तिला. आता तोंडातून मावशी निघालं तर पोर घाबरते.

सिल्वी


३० जानेवारी, शुक्रवार

ताइमी,

विजार मिळाली. धुऊन, इस्त्री करून, घडी मोडू नये म्हणून मध्ये कागद घालून. आणि त्या कागदावर तू या खेपेला एका शब्दापेक्षा जास्त लिहिलंस: 'वाचलं. हा महिना आणि पुढचा. मार्चपासून तिला पाठवणार नाही. घरीच शिकवीन. ता.'

असं करू नकोस. मी मोठी बहीण म्हणून दटावत नाहीये, हात जोडतेय. घरी काय शिकवशील तू तिला? अक्षरं शिकवशील, बेरजा शिकवशील. पण ती आत्ताच दिवसभरात जेमतेम चार शब्द बोलते. या गावात बालवर्ग एकच. मार्चमध्ये ती घरात बसली तर संप मिटल्यावरही ती 'घरात बसलेली'च राहील. आपल्या लोकांचं तुला माहीत आहे. आजोबांच्या वेळी संप फोडणाऱ्या माणसाच्या नातवाला अजून त्या नावाने ओळखतात, आणि तो बिचारा दाताचा डॉक्टर आहे!

मान्य आहे, मीही घाण करून ठेवली. मुख्याध्यापक म्हणाले, 'तिला तुमच्या खुर्चीजवळ बसवा म्हणजे कटकट नको.' मी बसवलं. माझी मदतनीस केलं, खडू दे, पेन्सिली वाट. वाटलं, चला, पोर सुरक्षित आहे. काल चित्र रंगवता रंगवता मला विचारते, 'बाई, मी इथे बसले म्हणजे कुणाला माझ्या शेजारी बसावं लागत नाही, हो ना?' तिला ते छान वाटत होतं गं. सगळ्यांची सोय झाली म्हणून. मी उठून फळा पुसला. कोराच होता.

आज तिला परत गालिच्यावर पाठवलं. आणि तक्ता भिंतीवरून काढून मध्ये ठेवला. म्हटलं, सांगा बघू, नियम कशाला असतात? 'नाहीतर बाई ओरडतात.' 'नाहीतर नाक फुटतं.' 'म्हणजे सगळ्यांना रस पुरतो.' शेवटी शॉना म्हणाली, 'म्हणजे कोण आपलं आणि कोण नाही ते कळतं.'

हे तिने घरून आणलेलं नाही, ताइमी. हे माझ्यापासून शिकली असेल. दुकानातल्या त्या वाटाण्यांपाशी बर्निसच्या हाताला धरून तीही उभी होती.

बर्निस दुपारी आली होती. व्हॅलेंटाइनची कार्डं या वर्षी घरून आणायची नाहीत, वर्गातच करायची आणि प्रत्येकाने सगळ्यांसाठी करायची, असं मी कळवलं होतं ना, त्यावर. दारातच उभी राहिली, बूटसुद्धा काढले नाहीत. 'माझी पोरगी त्या घरासाठी लाल कागद कापणार नाही, सिल्वी. माझा नवरा बोटं सुन्न होईस्तोवर उभा राहतो.' मी म्हटलं, 'माझाही राहतो.' ती म्हणाली, 'मग तू कुणाच्या बाजूने?' मी म्हटलं, 'मी बालवर्गाची बाई आहे.' तिला ते उत्तर वाटलं नाही. खरं सांगू, मलाही वाटलं नाही.

आणि घरी रेनो. गावभरचं सगळं त्याच्या कानावर जातं. जेवताना एवढंच म्हणाला, 'शनिवारी सौना तापवतोय, तू एकटीच येणार ना?' बाबांनी तळ्याकाठी स्वतःच्या हाताने बांधलेलं आपलं सौना, वाफ घ्यायची ती लाकडी खोली. दर शनिवारी आपण दोघी वरच्या फळीवर बसून घाम काढायचो आणि गावाला नावं ठेवायचो. आता मी तिथे एकटी बसते. तीन मिनिटांत बाहेर येते. गरम होतं म्हणून नाही.

मार्चचं एवढ्यात ठरवू नकोस. येत्या पंधरवड्यात मी पोरांना पोस्टात नेणार आहे, प्रत्येकाने एक कार्ड आपल्या हाताने पेटीत टाकायचं. ते होऊ दे. मग बघ.

सिल्वी


११ फेब्रुवारी, बुधवार

ताइमी,

आज जे झालं ते तुला आइनोने सांगितलं असेल तर तिच्या तऱ्हेने सांगितलं असेल. मी माझ्या तऱ्हेने सांगते.

तुला आमची चालायची दोरी माहीत आहे. जाड, तिला ठरावीक अंतरावर गाठी. बाहेर जाताना प्रत्येकाने आपली गाठ धरायची, पुढचं टोक माझ्या हातात. नियम एकच, बाई सांगेपर्यंत दोरी सोडायची नाही. एक पडला तर सगळे थांबतात. आठवडाभर आम्ही वर्गातल्या वर्गात दोरी धरून फिरत होतो. आइनोच्या मागची गाठ मी शॉनाला दिली. मुद्दाम. बर्निसने मला लाल कागदाबद्दल बजावलं होतं, दोरीबद्दल नाही.

पोस्टात जायचे दोन रस्ते. चर्चकडच्या बाजूचा बर्फ कुणी उपसलेलाच नव्हता, पोरांच्या कमरेपर्यंत. मग राहिला गेटसमोरचा. मी विचार केला, फुटपाथ सगळ्यांचा आहे, संपवाले बाजूला होतील, दोन मिनिटांचं काम. एवढी वर्षं पोरांत काढली आणि तरी मी असा विचार केला!

गेटपाशी पोचलो. पिंपात लाकडं जळत होती, माणसं फलक घेऊन फेऱ्या मारत होती, पुढे आपला रेनो. त्याने पोरांना बघितलं आणि ओरडला, 'या या, पोस्टमन आले!' माणसं हसली. मी पाऊल टाकलं आणि दोरी ताणली गेली. मागे वळून बघते तर सगळी पोरं जागच्या जागी. एकही हलेना.

'चला रे.'

'नाही बाई. संपवाल्यांची ओळ ओलांडायची नाही.'

रेनो म्हणाला, 'अरे, ते मिलमध्ये जाणाऱ्यांना! तुम्ही पोस्टात चाललात. चालतं.' पण शॉना म्हणाली, 'बाबा म्हणाले, कुणीच नाही. काही झालं तरी नाही.' तिचा बाप तिथेच पिंपाशी हात शेकत होता. तो म्हणाला, 'ये गं, मी सांगतो ना.' ती जागची हलली नाही. बरोबरच होतं तिचं. रोज जेवताना एक सांगायचं आणि फुटपाथवर दुसरं, तर पोराने कुठलं ऐकायचं? वारा असा की डोळ्यांतून पाणी. पुढे जाता येईना, मागे फिरावं तर कार्डं पोस्टात पडायची नाहीत. काही पोरं रडायला लागली. मला आयुष्यात कधी एवढं अडकल्यासारखं झालं नव्हतं. पुढे माझा नवरा, मागे माझा वर्ग, आणि दोघांचं खरं.

तेवढ्यात तुझ्या लेकीने हात वर केला.

मी म्हटलं, 'बोल, आइनो.' या खेपेला बघितलं मी तिच्याकडे.

ती म्हणाली, 'सगळ्यांची कार्डं माझ्याकडे द्या. मी जाऊन टाकते. मी आधीच वाईट आहे, मला चालतं.'

अगदी सहज म्हणाली. मदतनीस म्हणून पेन्सिली वाटायची तशी. आणि मागे वळून शॉनाचं कार्ड घ्यायला हात पुढे केला.  पिंपाभोवतीचे एवढे दांडगे पुरुष, कुणी वर बघेना. रेनोच्या हातातला फलक खाली आला.  मी बाई आहे, मी काहीतरी बोलायला हवं होतं.

आइनोने दोरीवरचा हात काढला.

आणि शॉना किंचाळली, 'दोरी सोडायची नाही!' तिने आइनोचा हात धरून परत गाठीवर दाबला आणि वर आपला हात ठेवला. म्हणाली, 'तू गेलीस तर मलापण यावं लागेल. मग सगळ्यांनाच यावं लागेल. असं आहे ते.' मग बापाकडे बघून, रडत, चिडून, 'बाबा, तुम्ही सरका ना!'

आधी तिचा बाप सरकला. मग रेनो. मग सगळे फेऱ्या थांबवून फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरले, बर्फाच्या ढिगात जाऊन उभे राहिले. आता तिथे ओलांडायला ओळच नव्हती. शॉनाने नीट खात्री करून घेतली, पायाने चाचपून. मग म्हणाली, 'चला बाई.' आम्ही गेलो.

पोस्टाच्या पेटीत आइनोने जे कार्ड टाकलं ते कुणाला, हे तिने तुला सांगितलं नसेल. मी सांगत नाही. पत्ता मीच लिहून दिला होता, सोमवारी.

सिल्वी


१४ फेब्रुवारी, शनिवार दुपार

ताइमी,

हा कागद कशालाही टाचलेला नाही. आधी वर्गाचं सांगते. कार्डांच्या पिशव्या काल वाटल्या. आइनोच्या पिशवीत सगळी नव्हती. दोन-तीन पोरांनी तिच्यासाठी केलंच नाही आणि मी तिथे स्वतः करून घातली नाहीत. पण शॉनाचं होतं. आणि गालिच्यावर आइनोच्या एका बाजूला शॉना बसली, चिकटून. दुसऱ्या बाजूला अजून फट आहे. बर्निस तणतणत आली, 'गेटवर दोरी होती, समजलं. गालिच्यावर कशाला?' शॉना म्हणाली, 'अगं, माझी गाठ तिच्या शेजारी आहे ना.' बर्निस तिला कोट चढवून घेऊन गेली. बोलेल सोमवारी. ती गप्प बसणाऱ्यातली नाही.

आणि काल पोस्टाने कार्ड आलं. आमच्या घरी, रेनोच्या नावाने. वाकडा बदाम, आत कुठलीच ओळ नाही, नुसतं 'आइनो', त्यातही एक अक्षर उलटं. तो ते हातात धरून स्वयंपाकघरात उभा राहिला. 'हे मी बाजूला झालो म्हणून?' मी म्हटलं, 'नाही रे. सोमवारीच केलं होतं तिने. प्रत्येकाने एकालाच पाठवायचं होतं. म्हणाली, रेनो काकांना, त्यांना बाहेर थंडी वाजते.'

तो कोट घालून बाहेर गेला आणि अंधार पडेपर्यंत लाकडं फोडत बसला.

आज जेवण झाल्यावर म्हणाला, 'मी गेटवर चाललोय, संध्याकाळपर्यंत येत नाही. सौना पेटवलंय. लाकडं जरा जास्तच पडली.'  दारातून परत आला आणि म्हणाला, 'लिओचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही. ते तसंच आहे.' मी म्हटलं, 'तसंच आहे.' मग गेला.

तर ते तसंच आहे, ताइमी. लिओला मी क्षमा केलेली नाही आणि तू त्याच्यासाठी माझ्याशी भांडशील, भांड. वरच्या फळीवर बसून भांडू. मार्चचं तू ठरवायचं आहेस, ते मी ठरवू शकत नाही. पण त्या दिवशी फुटपाथवर तुझी पोरगी म्हणाली, मी आधीच वाईट आहे. हे तिला कुणी शिकवलं? शॉनाने नाही. शॉनाने तिला दोरीवर परत आणलं. शिकवलं ते तोंड फिरवणाऱ्या मोठ्या माणसांनी, आणि त्यांतली एक मी.

म्हणून मी चालत आले आहे, भर दुपारी, सगळी गल्ली बघत असताना. समोरच्या घरात बर्निसच्या बहिणीचा पडदा हललासुद्धा. काखेत दोन टॉवेल आहेत आणि आइनोसाठी छोटा, बदकवाला, आईने विणलेला. हा कागद दाराच्या फटीतून आत सरकवते. तुझ्या पायरीवर उभी आहे, बोटं गारठलीत, आणि घंटी वाजवायचा धीर मला होत नाही.

या खेपेला खाली 'वाचलं' लिहून सही करू नकोस. दार उघड.

सिल्वी